राज्य

घोटावड्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत पकडापकडी रंगायची. आरोहीच्या पायाला कॅलिपर, म्हणून पोरांनी मायेनं तिला कायमचा कच्चा लिंबू करून टाकलं होतं. तीही जीव तोडून पळायची. पण मागं वळून पाहिलं की मागं कुणीच नसायचं.

परवा कारखान्याच्या चाळीतला नवा सूरज पहिल्यांदाच खेळायला आला. बिहारहून आलेल्या त्या पोराला हा नियम कुठून ठाऊक असणार? त्यानं धावत येऊन आरोहीच्या पाठीत धपकन हात मारला. "आउट!"

सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली. "कळत न्हाई व्हय रं? ती कच्चा लिंबू हाय!"

आरोहीचे डोळे डबडबले.

"गप बसा समदी! राज्य माझ्यावर आलंय. पळा!"