पांढरा पुठ्ठा

परमेश्वरने याही वेळी रिव्हॉल्वर खाली घेतलं.

समोर तीन तपकिरी पुठ्ठे होते, माणसाच्या आकाराचे. ते दरोडेखोर. तिसऱ्याच्या पुढे, त्याला अर्धा झाकून, एक पांढरा पुठ्ठा उभा केलेला. तो ओलीस धरलेला माणूस. पांढऱ्याला न लागता मागच्याला टिपायचं. पहिल्या दोघांना परमेश्वरने दोन-दोन गोळ्या नेमक्या घातल्या होत्या. तिसऱ्याच्या दोन गोळ्या तशाच राहिल्या.

नेमबाजीची ही रेंज सांभाळणारे निवृत्त सुभेदार शहादेव टायमर हातात घेऊन मागे उभे होते. ते रागावले नाहीत. स्पर्धेला पंधरा दिवस उरलेत, यंदाही असंच झालं तर पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसऱ्याचं नाव देईन, एवढंच त्यांनी सांगितलं.

बीडजवळच्या डोंगराखालच्या या रेंजवर बहुतेक जण पिस्तूल घेऊन यायचे. सतरा गोळ्या, धावता-धावता सुद्धा पुरणाऱ्या. रिव्हॉल्वरवाले फक्त चौघं. सहा बार झाले की थांबून पुन्हा सहा भरायच्या. ते भरणं परमेश्वरइतकं झटपट कुणाला जमत नव्हतं. तरी दोन वर्षं तो चौघांत चौथाच येत होता, त्या एका पांढऱ्या पुठ्ठ्यामुळे.

नेमबाज मागे सरले की सगळे जिला मावशी म्हणत ती पुढे यायची. गोळ्यांच्या भोकांवर कागदी ठिगळं चिकटवायची, डाव्या हाताने, सावकाश. दोन वर्षांपूर्वी ती आपणहून शहादेवांकडे काम मागायला आली होती. बारांच्या आवाजामुळे या कामाला माणूस टिकत नसे, म्हणून त्यांनी लगेच ठेवून घेतली. तिलाही आवाज सोसत नव्हता. प्रत्येक बाराला ती डोळे घट्ट मिटायची. एकदा परमेश्वरने विचारलं, "एवढं भ्या वाटतंय तर येता कावून, मावशी?"

"धरलंय काम तर तडीस न्यावंच लागंल," ती म्हणाली होती.

तिला त्याचा लळा होता. रविवारी भाकरीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळून आणायची आणि तो सगळी खाईपर्यंत समोर बसायची. त्याची आई लहानपणीच गेलेली. घरी हे सांगताना तो बायकोला, सुनिताला म्हणायचा, की मावशीच्या हातची भाकर खाल्ली की दिवसभर बरं वाटतं.

पांढऱ्या पुठ्ठ्यापाशी अडण्याचं कारणही फक्त सुनिताला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी तलवाड्याच्या बाजारात एका चोराने पळता-पळता एक बाई पकडली. गळ्याला विळा लावला. तिचा पदर तिच्याच तोंडावर ओढला होता. परमेश्वर तेव्हा नवा पोलीस शिपाई. त्याने रिव्हॉल्वर काढलं, आणि गोळी बाईला लागली. चौकशीत तो सुटला. दवाखान्याच्या दारापर्यंत एकदा गेला. बाहेर तिची लेकरं बसलेली दिसली, तसाच मागे फिरला. बाई वाचली आणि पुढे घरच्यांबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेली, असं नंतर कानावर आलं. त्याने विचारपूस केली नाही. गोळी झाडताना आपला हात थरथरत होता, हे त्याने सुनिताशिवाय कुणालाच, चौकशीतही, सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी रेंजवरून बाकीचे सगळे गेल्यावर मावशीने सामान आवरायचं थांबवलं. पांढरा पुठ्ठा पुन्हा जागेवर लावला आणि परमेश्वरच्या बाजूला आली.

"ही बाई काय म्हणती तुला?" तिने विचारलं.

बाकीचे त्या पुठ्ठ्याला ओलीस म्हणत. मावशी मात्र त्याला ‘बाई’ म्हणाली, हे परमेश्वरच्या ध्यानात आलं नाही.

"काय म्हणंल? पुठ्ठा हाय."

"मग तिच्याकडं नको बघू. तिच्यामागं कोण हाय ते बघ. त्याला सोडलं तर तिला कोण सोडवायचं?"

त्या संध्याकाळी त्याने बार काढला नाही. पण घरी जाताना हेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि पुढचे पंधरा दिवसही.

स्पर्धेला जालना, परभणीकडचे लोकही आले होते. सुनिता पहिल्यांदाच आली, मावशीशेजारी कनातीत बसली. तीन फेऱ्या नीट पार पडल्या. चौथी पांढऱ्या पुठ्ठ्याची. टायमर वाजला. परमेश्वरने पहिल्याला टिपलं, दुसऱ्याला टिपलं. तिसऱ्यावर रिव्हॉल्वर धरलं, आणि थांबला. मग दोन बार झाले, एकामागोमाग एक.

शहादेव पुढे जाऊन वाकले. मागच्या तपकिरी पुठ्ठ्यावर दोन भोकं, बोटभर अंतरावर. पांढरा कोराच. त्यांनी मागे वळून नुसता हात वर केला.

परमेश्वरचा दुसरा नंबर आला. सुनिता रडत होती आणि तो तिला गप्प करत होता. गाड्या निघून गेल्यावर तो एकटाच रेंजवर परत आला. मावशी पुठ्ठे उतरवत होती. तो जवळ गेला आणि वाकून तिच्या पाया पडला.

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आज हात थरथरला न्हाई तुजा," ती म्हणाली. "तलवाड्याला लई थरथरत व्हता."

परमेश्वर सावकाश उभा राहिला. सुनिताने सांगितलं का, असं त्याने विचारलं.

"तिनं कशाला सांगाया पायजे, लेकरा?" मावशी म्हणाली. "तोंडावरचा पदर पातळ व्हता. मला समदं दिसत व्हतं."