डिकीला खांदा

लेकीच्या लग्नात विड्यात चुना कमी पडला म्हणून व्याह्यांनी शालिकराम मिस्त्रीला भर मांडवात हात जोडून उभं ठेवलं होतं. आज त्याच व्याह्यांची अँबॅसिडर मागच्या ब्रेकच्या कामाला त्याच्या गॅरेजात आली. “हँडब्रेक सोडल्याबिना मागचा ड्रम निघत नाही, व्याहीबुवा. अन् सोडला का गाडी सरकते. तुम्ही डिकीले खांदा लावा.” व्याह्यांनी लावला. शालिकरामनं चहा मागवला, प्यायला, दुसरा मागवला. अर्धा सदर बाजार बघायला जमला. “अजून किती टाईम गा?” “बोलू नका. पकड ढिली होते.” तेवढ्यात विहीणबाई सावलीतल्या स्टुलावरून उठून पुढं आल्या अन् त्यांना पुढच्या चाकांखाली ठोकलेल्या विटा दिसल्या. गाडी हलणारच नव्हती. शालिकरामनं चहाचा कप खाली ठेवला. लेक त्यांच्याच घरी नांदत होती. विहीणबाई परत स्टुलावर जाऊन बसल्या. “अजी, जोर लावा! सरकून राहिली गाडी!”