ऐंशीच्या गटातला पोरगा

"ओळखपत्र," लिस्बेत म्हणाली.

आशिलने ते आधीच काढून हातात धरलं होतं. लिस्बेत कॅफेची मालकीण, आणि गावजत्रेतली सायकल शर्यत तिच्याच दारातून सुटायची. तिने जन्मतारीख वाचली, बोटांवर हिशोब केला.

"ऐंशी पूर्ण! अभिनंदन, आशिलकाका."

सगळ्या कॅफेने टाळ्या वाजवल्या. आमच्या फ्लँडर्समध्ये सायकलवाला ऐंशीचा झाला की लोक हळहळत नाहीत, हेवा करतात. सत्तरच्या गटात तो सगळ्यांत म्हातारा असतो; ऐंशीच्या गटात गेला की सगळ्यांत तरुण. त्यामुळे वय वाढवून सांगणारे फार. एक जण तर वडिलांचं ओळखपत्र घेऊन आला होता. वडील स्वतः त्याच शर्यतीत होते म्हणून पकडला गेला. तेव्हापासून वरच्या गटात जाणाऱ्याचं ओळखपत्र लिस्बेत दिव्याखाली धरून बघते. खालच्या गटातल्यांना नुसतं तोंडी विचारते.

"चाललात तर, दादा?" कोपऱ्यातून फिरमिन म्हणाला. तो बटाट्याच्या तळलेल्या फोडी खात होता. "मला करमायचं नाही हो."

"तुला किती झाली?"

"शहात्तर."

"म्हणजे चार वर्षं तुझं तोंड बघायला नको," आशिल म्हणाला. "देव आहे."

फिरमिन या गावात राहायला आल्यापासून दर जत्रेला तो पहिला आणि आशिल दुसरा. शेवटचा दगडी चढ आला की फिरमिन हवापाण्याच्या गप्पा मारत मारत पुढे निघून जायचा. गावात आशिलला 'दुसरा आशिल' म्हणत. पहिला आशिल गावात कुणीच नव्हता.

पहिल्याला फुलांचा गुच्छ मिळायचा. आशिलला तो एकदा, फक्त एकदा, बायकोच्या, मारिएटच्या हातात द्यायचा होता.

"फुलं बाजारातही मिळतात," मारिएट म्हणायची.

"जिंकलेली मिळत नाहीत."

"मग जा, मर तिकडे. आधी सूप पी."

सबंध हिवाळा त्याने कबुतरखान्यात सायकल स्टँडवर चढवून पाय मारले. सुरुवातीला कबुतरं घाबरली, मग कंटाळली. बिअर त्याने फक्त रविवारी प्यायची ठरवली, आणि पुढे बुधवारलाही रविवार धरायला लागला.

ऐंशीच्या गटाची शर्यत त्याने कधी पाहिली नव्हती. ती सकाळी व्हायची, आणि त्या वेळी तो घरी मारिएटकडून पोटऱ्या चोळून घेत असे. पण त्यात बघण्यासारखं काय असणार?

जत्रेच्या सकाळी रेषेवर त्याच्याशिवाय तिघं होती. एक आजोबा पूर्ण बहिरे. दुसरे कुठल्या दिशेला जायचं ते विचारत होते. आणि लोकरी स्वेटर घातलेल्या एक बाई. इतकी थोडी माणसं पुरुष-बायकांत वाटली तर शर्यत कसली, म्हणून हा गट एकत्रच.

"नवा पोरगा तूच ना?" बाईंनी विचारलं. "मी क्लारा. नदीपलीकडून आले. त्र्याऐंशी."

"जपून चालवा हं, ताई," आशिल म्हणाला. "चढावर दगड निसरडे आहेत."

"गुणाचं आहे बाळ," क्लारा म्हणाली आणि हातातला वॅफल संपवला.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत आशिल पुढे होता. दुसऱ्या फेरीतही. त्याने वळून पाहिलं. आजोबा दिसेनात, फक्त तो स्वेटर होता. मागे टाकावा म्हणून त्याने जोर लावला. स्वेटर तिथेच. आणखी जोर लावला. स्वेटर जवळ आला.

शेवटच्या दगडी चढावर क्लारा त्याच्या बरोबरीला आली.

"तोंड मीट, नाकाने श्वास घे," तिने सांगितलं. "आणि खांदे पाड. असा काय कोंबड्यासारखा?"

मग ती गेली. आशिलने हिवाळाभराचं सगळं बळ पायात ओतलं. तिच्या मागच्या चाकापर्यंत कसाबसा पोचला, आणि तेवढ्यात रेषा आली.

बँड वाजला. क्लाराने गुच्छ घेतला, मारिएटला हाक मारून तिला निम्मी फुलं काढून दिली आणि म्हणाली, "तुझा नवरा जोरात आहे गं. याआधी कुणी इतका वेळ टिकलं नव्हतं." मारिएट लाजून लालबुंद झाली. आशिल कट्ट्यावर बसून इतका हसला की बँडवाल्याचा सूर चुकला.

फिरमिन दोन ग्लास बिअर घेऊन शेजारी येऊन बसला.

"दुसरा?"

"दुसरा."

"क्लाराच्या मागे दुसरा म्हणजे पहिलाच."

"तू ओळखतोस तिला?"

"न ओळखून जातो कुठे? सख्खी बहीण आहे. शाळेला जाताना, दूध आणताना, एकदासुद्धा हरवता आलं नाही. तिच्या गटात पाय टाकायची आपली छाती नाही."

"थोरल्या बहिणीपुढे कुणाचं चाललंय," आशिलने त्याची समजूत घातली.

फिरमिनने मान वळवून लिस्बेत लांब असल्याची खात्री केली.

"धाकटी," तो म्हणाला.