मागची परांची

जीप फाट्यावरून वळलेली दिसली, तसा मुकादम सूर्यभान भिंतीपाशी आला. कुणी इकडंतिकडं बघायचं नाही, आपापलं काम करायचं, असं सगळ्यांना बजावून तो रस्त्याकडं पळाला.

काष्टीच्या बाजारतळाला लागून गोदाम उभं राहत होतं. साल बहात्तर. रानात कुणालाच काम नव्हतं, म्हणून लांबलांबची माणसं या भिंतीवर चढली होती. कामावरच्या माणसांच्या जिवाची काळजी घेतली जाते की नाही, हे बघायला नगरहून सरकारी साहेब येणार, हे ठेकेदार आबासाहेबांना आधीच कळलं होतं. त्यांनी रस्त्याकडच्या परांचीला नवे बांबू लावले, नवा काथ्या बांधून घेतला. मागची परांची तशीच राहू दिली. भिंतीच्या सावलीतल्या लेकरांच्या झोळ्या लांब बाभळीखाली हलवल्या. आणि कानिफनाथला बैलगाडीत घालून, वर गोणपाट टाकून, नदीपलीकडच्या एका वस्तीवर पाठवून दिलं. मागच्या परांचीवरून पडून त्याची मांडी मोडली होती.

गाडी हलली तेव्हा त्याची बायको मनकर्णा थोडं अंतर गाडीबरोबर चालली. गोणपाटाखालून कण्हणं ऐकू येत होतं. आबासाहेबांनी तिला समजावलं होतं. साहेबाच्या कानावर गेलं तर काम बंद पडेल, सगळ्यांच्या चुली विझतील आणि लोक तुझ्या नावानं बोटं मोडतील. तिनं मान हलवली होती.

साहेब तरुण होते. आबासाहेबांनी त्यांना कडुलिंबाखाली खुर्ची दिली, बर्फ घातलेलं सरबत दिलं. पावसाच्या, पिकाच्या गोष्टी काढल्या. साहेबांनी विचारलं, इथं कुणाला अपघात वगैरे झाला का? आबासाहेब म्हणाले, देवाच्या दयेनं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेवढ्यात मनकर्णा चुन्याचं घमेलं घेऊन समोरून चालली होती. साहेबांनी तिलाच थांबवलं.

"बाई, इथं कुणी पडलं होतं का?"

सूर्यभान तिच्याकडं बघत होता. आबासाहेब बघत नव्हते. ते ग्लासात सरबत ओतत होते.

"न्हाई," मनकर्णा म्हणाली.

ती मागच्या बाजूनं वर चढली. वर कमरुद्दीन गवंडी वीट लावत होता, साळूबाई त्याला विटा देत होती. मनकर्णानं घमेलं इतक्या जोरात आदळलं, की त्यानं दचकून तिच्या तोंडाकडं पाहिलं. आपल्याच जिभेचा तिला राग आला होता.

साहेबांना काय वाटलं कोण जाणे. ते उठले आणि भिंतीला वळसा घालून मागं आले. वर चढून बघतो म्हणाले. त्यांनी पहिल्या फळीवर बूट ठेवला, तोच आबासाहेबांनी धावत येऊन त्यांचा दंड धरला.

"हितनं नगा, साहेब. ह्या फळ्या धड न्हाईत. तुमी बायकालेकरांचे धनी. काय झालं म्हंजे?"

कमरुद्दीनच्या हातातली थापी थांबली. मनकर्णा साहेब-आबासाहेबांच्या अगदी डोक्यावर, त्याच फळ्यांवर उभी होती. तिनं रिकामं घमेलं तिथंच टाकलं आणि ती खाली आली. बोलताना तिचा आवाज चढला नाही.

"साहेब, मगा मी खोटं बोलले. माझा मालक हितनंच पडला. मांडी मोडली त्याची. ह्यांनी त्याला गोणपाटाखाली झाकून गावाभाईर काढला."

साहेबांनी आबासाहेबांकडं पाहिलं. आबासाहेब हसले. या बाईचं डोकं उन्हानं फिरलंय, तिला नवरासुद्धा नाही, असं म्हणाले. मग साहेब मनकर्णाला म्हणाले, नगरला ऑफिसात येऊन जबाब द्या, तोंडी मला काही करता येत नाही. आणि आबासाहेबांना, एवढी मागची बाजू नीट करून घ्या. सूर्यभाननं तोवर जीपमध्ये लिंबांचं पोतं ठेवलं होतं. साहेबांनी ते पाहिलं. खाली उतरवा म्हणाले नाहीत. जीप गेली.

धुरळा बसायच्या आत आबासाहेबांचं हसू गेलं. मनकर्णाला त्यांनी गठुडं उचलून चालतं व्हायला सांगितलं. तुझ्या नवऱ्याला गाडी दिली, वस्तीवर भाकरी दिली, ती याच्यासाठी का, असं विचारलं. मग बाकीच्यांकडं वळून, जत्रा बघताय का, चढा वर, म्हणाले.

मनकर्णा बाभळीखाली गेली. तिथं तिचं गठुडं होतं. ती पाथर्डीकडची, आणि तिकडच्या बाया ऊसतोडीचा कोयता कुठंही जाताना बरोबर ठेवतात. तिनं तो काढला आणि ती माघारी आली. सूर्यभान दोन पावलं मागं गेला. आबासाहेबांचा हात आपोआप वर आला. पण ती त्यांच्याकडं गेलीच नाही. मागच्या परांचीच्या बुडाशी गेली.

तिनं वर पाहिलं.

"कमरुद्दीनभाई, उतरा खाली. साळूबाई, तू बी ये. कुनी ऱ्हाऊ नगा वर."

कमरुद्दीननं थापी कमरेला खोचली आणि तो मुकाट्यानं उतरला. त्याच्यामागं साळूबाई उतरली. त्या फळ्यांवर आता कुणीच नव्हतं.

आबासाहेब ओरडू लागले. नुकसान भरून घेईन, पोलिसांत देईन, बांबू कुणाच्या बापाचे आहेत, असं काय काय. ओरडत ते परांचीखालीच येऊन उभे राहिले. मनकर्णानं पहिला काथ्या तोडला. दुसऱ्यावर कोयता उचलला आणि ती थांबली.

"सरका तिथनं," ती म्हणाली. "अंगावर यील."

आबासाहेब सरकले. ते पुरेसे लांब गेलेत ना, हे तिनं नीट बघून घेतलं. मग घाव घातला.