मिटलेला चष्मा

"पटणार नाही तुम्हाला, पण एका शब्दाने मी मुकं माणूस बोलतं केलंय!" निवृत्तीच्या समारंभात मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी ठेवणीतला किस्सा काढला. "मुलगा गेल्यापासून समोर बसलेल्या या बाईंनी तोंडाला कुलूप लावलेलं. मी नजरेत नजर रोवून फक्त विचारलं, ‘मग?’ आणि बांधच फुटला! हवं तर विचारा!" शिकाऊ समुपदेशकांनी टाळ्या पिटल्या. खरं तर त्या दुपारी डॉक्टर खुर्चीत चक्क झोपले होते. जाग आली तेव्हा बाई हुंदके देत होत्या, डॉक्टरांच्या डोळ्यांवरचा चष्मा टेबलावर नीट मिटून ठेवलेला होता, आणि सारवासारव म्हणून तोंडातून ‘मग?’ निसटलं होतं. चष्मा कुणी मिटला, हे स्वतःलाही विचारायची त्यांना आजवर लाज वाटायची. "खोटं, डॉक्टर!" बाई संकोचत उठल्या. "घोरत होतात तुम्ही. तुमचा चष्मा मीच काढून ठेवला. तुमच्या नजरेचीच लाज वाटायची; डोळे मिटलेत, तेव्हा बोलले!"