रिकाम्या यानाची विचारपूस

खोटं वाटेल तुम्हाला, पण चार माणसं ऐसपैस बसतील असं यान एकालाही न बसवता चंद्राला चक्कर मारायला पाठवलं होतं. आधी ते रिकामं जाऊन धडपणे परत येऊ दे, माणसांचं मग बघू, असं ठरलं होतं. इथून बोललेलं यानातल्या स्पीकरवर वाजायचं, तिथला माइक ते टिपून परत पाठवायचा, की अडीच सेकंदांनी आपलाच आवाज आपल्या कानात. या चाचणीला रेडिओवाल्या काकूंना बसवलं होतं. एक ते दहा आकडे म्हणायचे, बास.

काकूंनी आकडे म्हटले. ते शहाण्या मुलांसारखे परत आले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे घोळक्याने कँटीनला पळाले. काकूंना चला म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग काकूंनी बटण दाबलं. "काय गं, जेवलीस का?"

अडीच सेकंदांनी चंद्राजवळून आवाज आला, "काय गं, जेवलीस का?"

विसरलेला चष्मा न्यायला आलेले साहेब दारातच थबकले. "अहो काकू, तो तुमचाच आवाज आहे!"

"ठाऊक आहे हो. तीस वर्षं हेच तर करतेय. पण विचारलं की नाही कुणीतरी?" काकूंनी पुन्हा बटण दाबलं. "नाही गं अजून. चल, बरोबरच बसू."

साहेब टेबलावरचा चष्मा उचलतात न उचलतात, तोवर तिकडून तेच बोलावणं आलं.

"बघा," डब्याचं झाकण काढत काकू म्हणाल्या, "एवढ्या लांबून कुणी आग्रह केल्यावर नाही कसं म्हणायचं?"