पंपाचं माप

सासऱ्यांनी होडीच्या तळात बादलीभर पाणी ओतलं आणि हातपंपाचा दांडा हापसायला सुरुवात केली. पाणी बाहेर पडत होतं, पण बारीक धारेने. आयुष्यभर पंप दुरुस्त केलेल्या माणसाला असली धार म्हणजे अपमानच.

"जावईबापू, हे खेळणं कुठून आणलंत?"

"दुकानातूनच, बाबा," जावई फळी पुसत म्हणाला. "आधी मोठा घेतला होता. परत केला."

सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. उद्या सकाळी हा गृहस्थ त्यांच्या एकुलत्या एका मुलीला या शिडाच्या होडीतून नेणार, आठ दिवस किनारा दिसायचा नाही, आणि आत पाणी शिरलं तर उपसायला हे! त्यांनी पंप खोलला. रबरी पडद्याला चीर नाही, झडपांखाली कचरा नाही, नळीच्या तोंडाची जाळी लख्ख. दोष सापडेना, तसा संशय जास्तच बळावला. एवढा टापटिपीचा माणूस नेमका पंपातच हात आखडता का घेतो?

बसवला होता तोही ठेंगणा. जावई ताडमाड, इथे वाकून त्याची कंबरच मोडली असती. ही उंची मुलीची होती. म्हणजे साहेब सुकाणू धरून बसणार आणि हापसत राहणार ती!

"तिलाच राबवायचं ठरवलंय वाटतं," त्यांच्याने राहवेना.

जावयाने वर पाहिलं. मुलगी वर शीड घडी करत होती. त्याने आवाज खाली आणला.

"मोठा पंप पन्नास वेळा हापसला आणि तिचे हात भरून आले. हा तिने पाचशे वेळा हापसला, मोजून. बाबा, मी असलो तर बादलीनेसुद्धा उपसेन. पण होडीत पाणी भरतंय आणि मीच बाहेर फेकला गेलो तर?"

सासरे ओशाळले.

"तेव्हा तिने आधी होडी वाचवायची. ती हो म्हणते, पण मला खरं वाटत नाही. पंप सोडून माझ्यामागे उडी टाकेल ती. तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल."

सासऱ्यांनी पंप जोडला, एकेक स्क्रू आवळला. सांगायचं ते त्यांच्या मनातलंच तर होतं. ते शिडी चढून वर गेले.

मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली नवऱ्याकडे.

"काय शिजतंय दोघांचं?"

सासऱ्यांनी घसा खाकरला. ओठांवर आलेलं गिळलं.

"हा पाण्यात पडलाच, तर याला दोरी टाक आणि घट्ट धरून ठेव," ते म्हणाले. "तो पंप एका हाताने चालतो."